कुरणातली शाळा

हाताची घडी, तोंडावर बोट. आपल्यापैकी बहुतेकांच्या शिक्षणाचा श्रीगणेशा या दोन आज्ञांनीच झाला. पाटीवर पहिले अक्षर उमटण्याआधी शरीराला गप्प बसवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. खेळ म्हणजे अभ्यास संपल्यावर मिळणारे बक्षीस, आणि पोराने वात्रटपणा केला की सर्वांत आधी काढून घ्यायची गोष्ट. या रीतीला फारसा आवाज न करता आयुष्यभर छेद देत राहिलेल्या एका बाईंविषयी आज लिहायचे आहे. त्या आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या आपल्या हुजूरपागेत १० वर्षांहून अधिक काळ शिकवलेल्या. नाव अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी मोरगावचा. अष्टविनायकांची यात्रा जिथून सुरू करायची, ते मोरगाव. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले आणि सहा महिन्यांच्या आत त्यांना वैधव्य आले. सागरगोटे आणि फुगडीचे वय ते. त्या काळच्या मध्यमवर्गीय ब्राह्मण घरात बालविधवेच्या वाट्याला काय येई, हे हरिभाऊ आपट्यांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. हसणे मोजून, बोलणे मोजून, आणि अंगणातल्या खेळाकडे तर माजघरातूनच पाहायचे. अनुताईंच्या बाबतीत मात्र एक दार उघडे राहिले. त्यांना शिकू दिले गेले. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, पुढे पुण्यात शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन १९२९ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला नोकरीस लागल्या. माहेरचे वाघ हेच आडनाव त्यांनी अखेरपर्यंत लावले.

१९३३ मध्ये त्या पुण्यात हुजूरपागेत आल्या. १८८४ मध्ये सुरू झालेली ही मुलींची शाळा म्हणजे त्या काळातले मोठे नाव. दिवसा मुलींना शिकवायचे आणि संध्याकाळी स्वतः रात्रशाळेच्या बाकावर बसायचे, असा त्यांचा क्रम होता. अशा रीतीने १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. चांगली शाळा, ठरलेला पगार, शहरात मान. मी बँकेत नोकरी केलेला माणूस. पेन्शनीच्या दिशेने सरळ जाणारी ही वाट किती मोहाची असते, ते मला ठाऊक आहे. पस्तिसाव्या वर्षी ती सोडणे म्हणजे घरच्यांच्या भाषेत शुद्ध वेडेपणा.

तो वेडेपणा घडायला कारणही पुण्याशीच जोडलेले आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये येरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना कस्तुरबा गांधी गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या निधीतून खेड्यातल्या स्त्रिया आणि मुलांसाठी सेविका तयार करण्याचे काम निघाले. १९४५ मध्ये अशाच एका शिबिरासाठी अनुताई बोरिवलीला गेल्या आणि तिथे त्यांची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली.

ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या. १९१४ च्या बी. ए., भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे प्रयोग केलेल्या, १९२६ मध्ये निघालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या आधारस्तंभ, दादरच्या शिशुविहारच्या संस्थापिका. मादाम मॉंटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले होते. पण भारतात ती पद्धत आली ती लाकडी साधनांच्या महागड्या पेट्यांसह, आणि शहरातल्या सुखवस्तू घरांपाशी येऊन थांबली. हेच शिक्षण खेड्यात, जवळजवळ बिनपैशात नेता येईल का, हा प्रश्न ताराबाईंना छळत होता. अनुताईंनी तो आपला मानला. १९४५ मध्येच या दोघी ठाणे जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डीला पोचल्या. हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.

याच वर्षी जवळच्या तलासरी भागात गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांचे वेठबिगारीविरुद्धचे बंड पेटले होते, हे लक्षात घेतले म्हणजे पार्श्वभूमी ध्यानात येते. जिथे बाप सावकाराच्या शेतात राबतो, आई लाकूडफाटा आणायला जाते आणि सहा वर्षांची बहीण कडेवर धाकट्याला घेऊन घर सांभाळते, तिथे शाळेची घंटा ऐकून कोण येणार? मुले येईनात. मग शाळाच मुलांकडे निघाली. पाड्यावर जायचे, एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून घ्यायचे आणि तिथेच बसायचे. आधी मुलांच्या अंघोळी, केस विंचरणे, नखे कापणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी.

आता मुद्दा येतो तो साधनांचा आणि हालचालीचा. महागड्या पेट्यांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, काड्या आल्या. यात काटकसर होती, पण केवळ काटकसर नव्हती. तीन-चार वर्षांचे मूल बिया दोऱ्यात ओवते, तेव्हा अंगठा आणि तर्जनी यांची ती चिमूट तयार होते जिच्यात पुढे पेन्सिल धरायची असते. लहान-मोठे खडे वेगळे करताना गणिताची पहिली पायरी चढली जाते. जमिनीवर आखलेल्या रेषेवरून तोल सांभाळत चालण्याचा मॉंटेसरींचा खेळ घ्या. त्याने पाय, डोळे आणि कानातले तोल राखणारे इंद्रिय एकमेकांशी बोलू लागतात. पाणी न सांडता एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे हाही हाताला आणि मनाला मिळून दिलेला धडा. बाहेरून पाहणाऱ्याला हा सारा खेळ वाटतो आणि मुलालाही तो खेळच वाटतो. फक्त शिकवणारीला त्यामागचा हिशेब ठाऊक असावा लागतो.

वारली मुलाला बसवून शिकवणे तर अशक्यच होते. झाडावर चढणारे, ओढ्यात खेकडे धरणारे, तारपा वाजू लागला की मोठ्यांच्या फेरात पाय टाकणारे ते पोर. त्याला चार भिंतींत हाताची घडी घालून बसवले तर ते दुसऱ्या दिवशी रानात पळणार. शहरातल्या शाळेने अशा मुलावर द्वाड असा शिक्का मारला असता. अनुताईंनी त्याची चपळाई ही भांडवलासारखी मानली आणि तिच्यावर शिक्षणाचा व्यवहार सुरू केला.

१९५७ मध्ये संस्था बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेली. तिथे एकाच ठिकाणी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा चालू लागली. तिला विकासवाडी म्हणत. युक्ती साधी होती. धाकट्याला पाळणाघरात ठेवले की कडेवरचे ओझे उतरते आणि मोठी बहीण वर्गात बसू शकते. तरीही गुरे राखणारी मुले उरलीच. गुरे सोडून त्यांना शाळेत यायला सांगणे म्हणजे घरच्या मिळकतीवर घाला. मग शिक्षिका थेट कुरणात जाऊ लागल्या. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली जमली आहेत आणि खेळ, गाणी, अक्षरे, आकडे असे सगळे एकत्र चालले आहे. हीच ती कुरणशाळा. वेळापत्रक गुरांनी ठरवायचे, शाळेने पाळायचे.

नोकरीच्या काळात काही वर्षे माझी बदली डहाणू तालुक्यात होती. चिकूच्या बागांची कर्जे, मच्छीमारांची कर्जे, असा आमचा व्यवहार. बचत खाते उघडायला पाड्यांवरून बाया येत. वयस्क बाई आली की आम्ही न सांगता शाईचे पॅड पुढे सरकवत असू. एकदा चाळिशीची एक बाई ते पॅड बाजूला सारून सावकाश, ठसठशीत सही करून गेली. कुठे शिकलात, असे विचारले तर तिने हसून डोंगराकडे हात केला आणि बकऱ्या राखताना शिकल्याचे सांगितले. एका सहीवरून संस्थेचा ताळेबंद मांडता येत नाही, हे मला कळते. पण त्या सहीखाली माझी साक्षांकनाची सही करताना हात जरा थांबला होता.

या कामाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. खेळाने भूक भागत नाही. पावसाळा संपला की वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे मुलांनाही बरोबर नेत आणि वर्ग रिकामे पडत. अनुताई टेकडीवर राहिल्या त्या हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहत. स्वतःचे शिकणेही त्यांनी थांबवले नाही. १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या बी. ए. झाल्या. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या आणि संस्थेचा सारा भार अनुताईंवर आला. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज त्यांची आठवण काढण्याचे कारण पुण्यातच आहे. आमच्या ओळखीच्या एका घरातला सहा वर्षांचा मुलगा सकाळी रिक्षाने शाळेत जातो, दुपारी शिकवणीला बसतो आणि संध्याकाळी मोबाइलवर क्रिकेट खेळतो. परीक्षा जवळ आली की त्याच्या शाळेतला खेळाचा तास गणिताला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे तरी दमवणारी हालचाल हवी, आणि ३-४ वर्षांच्या बालकांना दिवसभरात मिळून १८० मिनिटे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ या वयासाठी खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. म्हणजे कोसबादच्या टेकडीवर दोन बाया जे करत होत्या, ते कागदावर आता सर्वमान्य झाले आहे. अडचण अंमलबजावणीची आहे.

त्यासाठी टेकडी लागत नाही. पाढे बसून म्हणण्याऐवजी खडूने आखलेल्या चौकोनांत उड्या मारत म्हणता येतात. दिशा शिकवायला तळ्यात-मळ्यात पुरते, मोजायला लगोरी पुरते, आणि गटाने विचार करायला शिकवणारा आट्यापाट्यांसारखा दुसरा खेळ मला माहीत नाही. मैदान नसलेल्या शाळेतही वर्गाच्या दोन तासांमध्ये १० मिनिटे शिवाशिवीला देता येतात. खर्च शून्य. लागते ती फक्त गोंगाट सहन करण्याची मोठ्यांची तयारी.

आणि ती शाळेपेक्षाही आधी घराच्या दारात लागते. पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या वाहनतळात येथे मुलांनी खेळू नये, अशी एक पाटी असते. अंगण गेले, त्या जागी ही पाटी आली. पुढच्या सर्वसाधारण सभेत देखभाल खर्च आणि पाण्याच्या टाकीचे विषय संपले की एक विषय जादा घ्यावा. पाटी काढता येत नसेल तर निदान संध्याकाळी पाच ते सात एवढा वेळ तरी ती झाकून ठेवता येईल का, एवढेच विचारावे. मी आमच्या सोसायटीत तसा अर्ज दिला आहे.