मास्टर दीनानाथ : स्वतःच्या गळ्याचा माणूस

बऱ्हाणपूरहून तापीच्या काठाकाठाने खाली खानदेशात उतरले म्हणजे थाळनेर लागते. फारुकी सुलतानांनी आपले बऱ्हाणपूर वसविण्यापूर्वी त्यांचे ठाणे तेथे होते, एवढे इतिहासप्रेमी जाणतात. परंतु गाणाऱ्या मंडळींच्या लेखी थाळनेरचा मोठेपणा वेगळाच. मास्टर दीनानाथ मंगेशकर हे त्या गावचे जावई. पहिली पत्नी नर्मदाबाई वारल्यावर त्यांनी तिच्याच धाकट्या बहिणीशी, शेवंतीबाईंशी विवाह केला, आणि १९२९ साली इंदूरच्या मुक्कामी त्यांना जी कन्या झाली तिचे नाव लता. कन्येच्या कीर्तीत बापाचे गाणे झाकोळून गेले आहे, म्हणून आज थोडे बापाविषयी.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोमंतकातील मंगेशी येथे झाला. आई येसूबाई देवळाच्या सेवेतील, स्वतः गाणारी. वडील गणेशभट्ट मंगेशाचे पुजारी. बाबा माशेलकर हे पहिले गुरू. पुढे बिकानेरला जाऊन पं. सुखदेवप्रसाद यांच्याकडे शिक्षण झाले आणि रामकृष्णबुवा वझे यांचा गंडा बांधला. वझेबुवांची आक्रमक, पेचदार गायकी ज्यांनी ऐकली असेल त्यांस या शिष्याच्या गळ्याचे मूळ सांगावयास नको.

लहान वयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. या मंडळीवर महाराष्ट्राचा किती जीव होता हे आजच्या तरुणांस कसे सांगावे? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून संगीत नाटक म्हणजे किर्लोस्कर असे समीकरणच होऊन बसले होते. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ती मंडळी सोडून गेले, गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि मागे जी जागा रिकामी राहिली ती या कोवळ्या मुलाने भरावी असे ठरले. रूप होते, गळा होता. पण प्रेक्षक डोळे मिटून दुसऱ्याचेच सूर शोधीत बसले, तर गाणाऱ्याने काय करावे!

१९१८ साली, वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नसताना, दीनानाथांनी किर्लोस्कर मंडळी सोडली. सोबत चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे होते. बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. पाठीशी राम गणेश गडकऱ्यांचा आशीर्वाद होता, तोही लवकरच सरला. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे गडकरी वारले. ‘भावबंधन’ तेवढे त्यांनी मरणाआधी पुरे केले होते. बळवंत मंडळीने ते रंगभूमीवर आणले. दीनानाथांची लतिका आणि कोल्हटकरांचा घनश्याम यांनी मंडळीचे पाय रोवले.

खरा प्रश्न मात्र गाण्याचा होता. बालगंधर्वांच्या लडिवाळ, ठाय गायकीने सारा महाराष्ट्र वेडा झाला असता त्याच धर्तीवर गाणे हा सोपा मार्ग होता. दीनानाथांनी तो घेतला नाही. पंजाबी ढंगाच्या हरकती, टप्प्याच्या अंगाने निघालेली विजेसारखी तान, एका रागातून क्षणात दुसऱ्याची झलक दाखवून समेवर नेमके परतणे, अशी त्यांची चाल. ‘मानापमान’ हे तर किर्लोस्करांचे गाजलेले नाटक, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, लोकांच्या ओठी बसलेल्या. दीनानाथ धैर्यधर झाले तेव्हा त्यांनी त्यांतील काही पदांना सरळ नव्या चाली लावल्या. भामिनीच्या वाट्याचे मार्दव निराळे आणि सेनापतीचा आवेश निराळा, हे त्यांनी गळ्यानेच सांगितले.

सोवळ्या जाणकारांनी या गाण्यास कसरत म्हटले. माझ्या मते त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. कधी कधी तान शब्दाला विसरून पुढे धावते आणि श्वास अपुरा पडतो. पण १९२७ साली वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ आले, चाली वझेबुवांच्या, तेजस्विनी दीनानाथ. पारतंत्र्याची चीड त्या पदांत होती. तेथे हीच धाव, हीच धार अर्थ होऊन उभी राहिली. १९३१ साली सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ही याच मंडळीने केले.

त्याच वर्षी बोलपट आला आणि नाटकमंडळ्यांची गणिते चुकू लागली. बळवंत मंडळीने चित्रपटाचा उद्योग करून पाहिला, ‘कृष्णार्जुनयुद्ध’ काढले. हाती कर्ज आले. पुढील दिवस हलाखीचे होते. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यास दीनानाथ वारले. वय एक्केचाळीस. थोरली लता तेव्हा तेरा वर्षांचीही नव्हती आणि घर तिच्यावर येऊन पडले.

वसंतराव देशपांडे यांनी दीनानाथांस गुरुस्थानी मानले आणि ती गायकी मैफलीत व पुढे रंगभूमीवरही जागती ठेवली. दीनानाथांच्या तबकड्याही आहेत. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे. शिकवणीला येणारी मुले त्या प्रथम ऐकतात तेव्हा हसतात, इतकी ती तान त्यांना अशक्य वाटते. मग पुन्हा लावा म्हणतात.