टांगानिकाचे गुरुजी : ज्युलियस न्येरेरे



आगमनकाळात, निष्कलंक मातेच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी, ९ डिसेंबरला आफ्रिकेतील टांझानिया देशाचा स्वातंत्र्यदिन येतो. त्या निमित्ताने, रोज मिस्साला जाणाऱ्या एका शाळामास्तराची ओळख आम्ही आज करून देत आहोत. त्यांचे नाव ज्युलियस न्येरेरे.

त्यांचा जन्म १९२२ साली व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या बुटियामा गावी झाला. वडील झनाकी या लहानशा जमातीचे प्रमुख. त्यांना अनेक बायका होत्या, त्यांतील पाचवीच्या पोटी हा मुलगा जन्मला. घरचा धर्म पूर्वजांचा. मुलाचे नाव कंबारागे. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याने शाळा पाहिली नव्हती, पण एकदा पाटी हाती आल्यावर तो सगळ्यांच्या पुढे गेला. शाळेत असताना त्याला ख्रिस्ताची ओळख झाली. १९४३ च्या नाताळाच्या तोंडावर त्याने स्नानसंस्कार घेतला आणि ज्युलियस हे नाव धारण केले. पुढे युगांडातील मकेरेरे कॉलेज, मग ताबोराच्या मिशन शाळेत शिक्षकाची नोकरी आणि १९४९ ते १९५२ एडिंबरो विद्यापीठ. परत आल्यावर १९५३ साली त्यांनी मारिया यांच्याशी विवाह केला आणि दार-एस-सलामजवळ पुगू येथील सेंट फ्रान्सिस कॉलेजात ते शिकवू लागले.

त्यांच्या देशाचे नाव तेव्हा टांगानिका होते. आधी तेथे जर्मनांचे राज्य होते. १९०५ साली लोकांनी त्यांच्याविरुद्ध शस्त्र उचलले. मंतरलेल्या पाण्याने गोळ्यांचे पाणी होईल, अशी त्यांची समजूत होती. हजारो माणसे गोळ्यांनी आणि त्याहून कितीतरी अधिक त्यानंतरच्या दुष्काळात मेली. पहिल्या महायुद्धानंतर देश इंग्रजांच्या हाती गेला. ते उठावाचे दुःख घरोघरी आठवणीत असताना ७ जुलै १९५४ रोजी न्येरेरे यांनी टानू हा पक्ष स्थापन केला. या वेळी शस्त्र नाही, असे त्यांनी ठरवले होते.

१९५५ च्या मार्चमध्ये ते न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांपुढे जाऊन आपल्या लोकांची बाजू मांडून आले. परतल्यावर त्यांना सांगण्यात आले की शाळा किंवा राजकारण, दोहोंपैकी एक निवडा. शाळा आपल्याच धर्मगुरूंची, विद्यार्थी जिवाभावाचे, घरी पत्नी आणि लहान मुले, आणि पगार गेला तर हाताशी काही नाही. ही निवड सोपी होती असे आम्हाला वाटत नाही. न्येरेरे यांनी राजीनामा दिला आणि कुटुंबासह ते बुटियामाला परतले. तेथे काही महिने त्यांनी मेरीनोल फादरांना झनाकी भाषा शिकवली आणि धर्मशिक्षणाच्या पुस्तकाचे भाषांतर करण्यास मदत केली. चर्चच्या शाळेतली नोकरी गेली, पण चर्चवर त्यांनी राग धरला नाही.

मग गावोगावी सभा सुरू झाल्या. मुसलमान, ख्रिस्ती, पूर्वजांचा धर्म पाळणारे, सगळे एका झाडाखाली बसत. १९५८ साली दोन इंग्रज अधिकाऱ्यांवर टीका केल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरला गेला. १५० पौंड दंड किंवा सहा महिने तुरुंग. निवडणूक तोंडावर होती, म्हणून त्यांनी दंड भरला. १९६० च्या निवडणुकीत टानूने ७१ पैकी ७० जागा जिंकल्या.

ऑक्टोबर १९६१ मध्ये, स्वातंत्र्य दोन महिन्यांवर असताना, खरी कसोटी लागली, आणि तीही आपल्याच माणसांकडून. नागरिकत्व फक्त काळ्या माणसांना द्यावे, असा काही आमदारांचा आग्रह होता. दार-एस-सलाममध्ये गुजराती दुकानदार होते, सरकारी कचेऱ्यांत गोव्याचे कारकून होते, गोरे शेतकरी होते. त्यांचे काय? न्येरेरे यांनी स्पष्ट सांगितले की कातडीच्या रंगावर नागरिकत्व ठरणार असेल तर आपण आणि आपले सरकार पायउतार होऊ. शेवटी त्यांचेच म्हणणे मान्य झाले. ९ डिसेंबर १९६१ रोजी देश स्वतंत्र झाला आणि किलिमांजारो पर्वताच्या शिखरावर मशाल पेटवली गेली. १९६४ साली झांझिबार येऊन मिळाले आणि टांझानिया हे नाव पडले.

राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांच्या हातून चुकाही झाल्या, त्या झाकण्याचे कारण नाही. एकच पक्ष ठेवला. विरोधकांना खटल्याविना डांबले. १९७० च्या दशकात लाखो शेतकऱ्यांना नव्या सामूहिक गावांत हलवले, पुष्कळांना बळजबरीने, आणि त्यात शेतीची दुर्दशा झाली. मात्र शाळा खेड्यापाड्यांत पोहोचल्या, आणि त्यांनी स्वतःचे घर भरले असे त्यांच्या विरोधकांनीही म्हटले नाही. १९८५ साली ते आपणहून पदावरून उतरले. भारत सरकारचा पहिला गांधी शांतता पुरस्कार १९९५ साली त्यांनाच मिळाला.

निवृत्तीनंतर ते बुटियामाला शेती करीत. चारही शुभवर्तमाने त्यांनी स्वाहिली पद्यात उतरवली. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनच्या इस्पितळात रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २००५ साली मुसोमा धर्मप्रांताने त्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेला आरंभ केला असून ते आता 'देवाचा सेवक' म्हणून ओळखले जातात. त्यांच्या देशातले लोक मात्र अजूनही त्यांना म्वालिमू म्हणजे गुरुजी असेच म्हणतात. बुटियामा गावीच त्यांची कबर आहे.