पॉल नॅश : रणभूमीचा आणि स्वप्नांचा चित्रकार

इंग्रज चित्रकार पॉल नॅश यांचा जन्म ११ मे १८८९ रोजी लंडनमध्ये झाला. आईच्या वडिलांप्रमाणे त्यांनीही नौदलात जावे, असे घरच्यांना वाटत होते. पण प्रवेश परीक्षेत ते नापास झाले. मग ते चित्रकलेकडे वळले आणि लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकले.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि नॅश सैन्यात भरती झाले. फेब्रुवारी १९१७ मध्ये त्यांना बेल्जियममधील ईप्र आघाडीवर पाठवले. मे महिन्यात ते खंदकात पडले, बरगडी मोडली आणि त्यांना इंग्लंडला परत आणले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या तुकडीने हिल ६० वर हल्ला केला. त्यात त्यांचे अनेक सोबती मारले गेले. एका मोडलेल्या बरगडीमुळे नॅश वाचले. त्याच वर्षी ते युद्धचित्रकार म्हणून पुन्हा आघाडीवर गेले.

१९१८ च्या त्यांच्या प्रसिद्ध चित्राच्या नावाचा अर्थ ‘आम्ही नवे जग घडवत आहोत’ असा आहे. त्यात मोडके बुंधे, खड्ड्यांनी भरलेली जमीन आणि लालसर ढगांवर उगवणारा पांढरा सूर्य दिसतो. एकही सैनिक नाही. लढाईच्या चित्रात मी नेहमी आधी झेंडा आणि सेनापती शोधतो. इथे शोधायला कोणीच नाही, म्हणून मला त्या खड्ड्यांकडेच पाहत राहावे लागले.

पुढे नॅश अतिवास्तववादाकडे वळले. १९३६ च्या लंडनमधील आंतरराष्ट्रीय अतिवास्तववादी प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. ‘स्वप्नातील निसर्गदृश्य’ या चित्रात समुद्रकाठच्या कड्यावर एक ससाणा आरशात स्वतःला पाहतो. ससाणा म्हणजे हे भौतिक जग आणि आरशात दिसणारे गोल म्हणजे आत्मा, असा अर्थ नॅश यांनीच सांगितला होता.

दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे पाडलेल्या जर्मन विमानांचा ढीग त्यांनी पाहिला. त्यावरून १९४०-४१ मध्ये त्यांनी ‘टोटेस मीर’, म्हणजे मृत समुद्र, हे चित्र काढले. चंद्रप्रकाशात तुटलेले पंख लाटांसारखे किनाऱ्यावर येऊन थबकले आहेत. ती विमाने शत्रूची होती, तरी मला ते पाहून जल्लोष करावासा वाटला नाही.

दम्याने त्रस्त असलेले नॅश ११ जुलै १९४६ रोजी वारले. मला सैन्यातच जायचे आहे, आणि ही चित्रे पाहूनही तो विचार बदललेला नाही. मात्र विजयानंतर जमिनीवर काय उरते, हे गणवेश घालण्याआधी प्रत्येक कॅडेटने एकदा पाहावे, असे मला वाटते.