घरानं अडवलं, घरानंच शिकवलं

रमजानमध्ये मुस्लिम मोहल्ल्यांत सहरीनंतर घराघरांतून तिलावतीचा आवाज येत असतो. कुरआन उतरायला सुरुवात झाली ती याच महिन्यात. म्हणून महिनाभरात निदान एकदा तरी तो पूर्ण वाचून व्हावा, अशी प्रत्येकाची धडपड असते. मुलीही वाचतात, पुष्कळदा भावांपेक्षा सफाईनं वाचतात. पण वाचणं म्हणजे नुसते उच्चार करणं की अर्थही कळणं, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बंगालमधल्या एका बाईंनी विचारला होता. त्यांचं नाव रुकैया सखावत हुसैन. बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये त्यांना बेगम रोकेया म्हणून शाळेतली पोरंही ओळखतात. आपल्याकडे मात्र त्यांची ओळख कमीच.

रुकैयाचा जन्म ९ डिसेंबर १८८० चा, रंगपूर जिल्ह्यातल्या पैराबंद गावचा. आज हे गाव बांगलादेशात आहे. वडील झहीरुद्दीन साबेर मोठे जमीनदार. घरात नोकरचाकर, भरपूर शेती, मोठा वाडा. वडिलांना अनेक भाषा येत, म्हणजे घर अडाणी मुळीच नव्हतं. मुलगे इब्राहिम आणि खलील यांना त्यांनी कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये घातलं होतं. मुलींच्या बाबतीत मात्र दुसरा कायदा. त्यांना अरबी अक्षरं ओळखून कुरआन वाचता यावा आणि फार तर थोडी उर्दू यावी, एवढंच. इंग्रजी तर नाहीच, पण बंगालीही नाही. बंगालची मुलगी आणि बंगाली नको, याचं आज आश्चर्य वाटेल. पण तिथली वरच्या थरातली मुस्लिम घराणी स्वतःला अरबस्तान-इराणहून आलेल्यांचे वंशज मानत. बंगाली ही त्यांच्या लेखी कुळांची, गड्यांची भाषा. मुलीच्या हाती बंगाली पुस्तक दिसलं तर धर्म आणि खानदान दोन्ही बुडाले, अशी समजूत. यात धर्माचा भाग किती आणि घराण्याच्या मिजाशीचा किती, हे वेगळं सांगायला नको.

या कायद्याला पहिली बळी पडली ती थोरली बहीण करिमुन्निसा. तिचा जन्म १८५५ चा. पुण्यात फुले दाम्पत्यानं मुलींची शाळा काढली त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. भाऊ मोठ्यानं धडे वाचत ते करिमुन्निसा कान देऊन ऐकायची आणि अंगणातल्या मातीत काडीनं बंगाली अक्षरं गिरवायची. अशीच ती वाचायला शिकली. एके दिवशी हातात बंगाली पोथी असताना वडिलांनी पाहिलं. वडील तिथल्या तिथे रागावले नाहीत म्हणतात, पण नातेवाइकांत गवगवा झाला आणि शिक्षण बंद पडलं. लवकरच लग्न उरकून टाकण्यात आलं, टांगाईलकडच्या देलदुआरच्या गझनवी जमीनदारांच्या घरी. तरुणपणीच ती विधवा झाली. मग तिनं आपलं राहिलेलं शिक्षण मुलांकडून वसूल केलं, असंच म्हणायचं. लोकांची बोलणी खाऊन तिनं दोन्ही मुलगे शिकवले. अब्दुल करीम आणि अब्दुल हलीम गझनवी ही नावं पुढे बंगालच्या राजकारणात गाजली. स्वतः करिमुन्निसा कविता लिहायची. साठी उलटल्यावर कुरआन समजून घ्यायचा म्हणून ती अरबी शिकायला बसली. तोपर्यंत तिनं इतरांसारखंच अर्थ न कळता वाचलं होतं.

रुकैया तिच्याहून पंचवीस वर्षांनी धाकटी. कायदा तोच, पडदाही तसाच. पाचव्या वर्षापासून तिला परक्या बायकांच्याही समोर जायची बंदी होती. लहानपणी कलकत्त्यात असताना नात्यातल्या कुणाच्या घरून दोन मोलकरणी पाहुण्या म्हणून आल्या. त्यांना सगळ्या घरात फिरायची मुभा, म्हणून ही पोर कधी पलंगाखाली, कधी दाराआड लपायची. शेवटी गच्चीवरच्या खोलीत दिवस काढायची वेळ आली. तिथे तिची आठवण ठेवणारा एकटा तिचा लहानगा भाचा, करिमुन्निसाचा मुलगा. तो खायला-प्यायला आणून द्यायचा. मोठेपणी रुकैयांनी हा प्रसंग लिहिला तो रडगाणं म्हणून नव्हे, चक्क हसत हसत. त्यामुळेच तो जास्त बोचतो.

मग एकीचं अंगणात अडलेलं शिक्षण दुसरीच्या बाबतीत पुढे कसं गेलं? बुद्धीचा फरक होता असं दिसत नाही. फरक पडला तो घरातली दोन माणसं हिच्या बाजूनं उभी राहिली म्हणून. थोरला भाऊ इब्राहिम इंग्रजी शाळेत शिकून आलेला. रात्री वडील झोपले, वाडा शांत झाला, की तो मेणबत्ती लावून धाकट्या बहिणीला इंग्रजी शिकवायचा. आणि बंगालीसाठी होती करिमुन्निसा. जिला अक्षरांपायी घर सोडावं लागलं होतं, तिनंच ती अक्षरं बहिणीच्या हातात ठेवली. रुकैयांनी पुढे 'पद्मराग' ही कादंबरी भावाला आणि 'मतिचूर'चा दुसरा भाग बहिणीला अर्पण केला. वडिलांविषयी त्यांनी कडवटपणे लिहिलेलं नाही, हेही नोंदवायला हवं. ते त्यांच्या काळातले एक गृहस्थ होते, त्याहून वाईट नव्हते.

सोळा-अठराव्या वर्षी लग्न झालं. नवरा सय्यद सखावत हुसैन, भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट, बिजवर, वयानं वीसेक वर्षांनी मोठे, पहिल्या लग्नाची एक मुलगी. ही माहिती एवढीच ऐकली तर कुणीही हळहळेल. पण विलायतेत शिकून आलेले हे गृहस्थ बायकोच्या वाचनाच्या आड आले नाहीत; उलट इंग्रजी सुधारायला मदत केली, लिहायला लावलं. सासरी सगळी उर्दू. चौदा वर्षं भागलपुरात काढूनही बंगाली टिकली ती करिमुन्निसामुळे, असं रुकैयाच मानत. १९०५ मध्ये मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात त्यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा आली. नवरा दौऱ्यावर असताना वेळ घालवायला म्हणून लिहिलेली. तिच्यातल्या देशात बायका विज्ञानाच्या बळावर राज्य चालवतात आणि पुरुष घरात पडद्यात बसतात. परत आल्यावर सखावतसाहेबांनी ती उभ्या उभ्याच वाचून काढली आणि बायकोनं पुरुषांवर चांगलाच सूड उगवल्याचा शेरा मारला. इंग्रजीतली ही कथा लिहिणाऱ्या बाई एक दिवसही शाळेत गेलेल्या नव्हत्या.

सुखाचे दिवस मात्र थोडेच. दोन मुली झाल्या, दोन्ही काही महिन्यांतच गेल्या. नवऱ्याला मधुमेह जडला, दृष्टी गेली; शुश्रूषा करण्यातच कैक वर्षं सरली. १९०९ च्या मे महिन्यात सखावत हुसैन वारले. जाण्यापूर्वी त्यांनी दहा हजार रुपये मुलींच्या शाळेसाठी म्हणून बाजूला काढून ठेवले होते. त्या काळी ही केवढी रक्कम! पाचच महिन्यांत, इद्दत संपते न संपते तोच, रुकैयांनी भागलपुरात नवऱ्याच्या नावानं शाळा उघडली. मुली पाच. पण घरातच इस्टेटीवरून सावत्र मुलगी आणि जावयाशी बिनसलं आणि भागलपूर सोडावं लागलं.

१६ मार्च १९११ रोजी कलकत्त्यात वलीउल्लाह लेनमधल्या भाड्याच्या जागेत शाळा पुन्हा सुरू झाली. मुली आठ. शाळा कशी चालते हे बाईंना माहीत नव्हतं, म्हणून त्या ब्राह्मो समाजाच्या स्त्रियांच्या शाळांत जाऊन बघून आल्या. घरोघरी जाऊन मुली मागायच्या, आईबापांना पटवायचं. पडद्याचा प्रश्न आला तेव्हा शाळेची बंद गाडी केली. स्वतः रुकैयाही बुरखा घालत. मुलींना बाहेर काढायचं तर लोकांना सोबत घेऊन जावं लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मोटार आली ती इतकी बंद, की आतल्या अंधारात मुली घाबरून बेशुद्ध पडू लागल्या, ओकू लागल्या. मग फटी ठेवून त्यावर कापडी पडदे लावले. तर वाऱ्यानं पडदे उडतात आणि बेपर्दगी होते, अशी निनावी पत्रं आली. वर्तमानपत्रात बोभाटा करू म्हणून धमक्याही. मुलींना हवा मिळावी की आईबापांनी शाळेत पाठवावं, यातलं एकच निवडा, असा तो पेच होता.

आणखी एक गंमत, तीही बोचरीच. ज्या बाईंनी बंगालीसाठी बालपणी एवढा आटापिटा केला, त्यांच्या शाळेचं माध्यम राहिलं उर्दू. शहरातल्या मुस्लिम घरांना तीच हवी होती. बंगालीचा वर्ग काढला, पण मुलींअभावी तो नीट चालेना. तरी शाळा वाढत गेली. १९१५ मध्ये पट ८४ वर पोचला. इंग्रजी, फारसी, शिवण, स्वयंपाक, आजाऱ्याची देखभाल, व्यायाम हे सगळं शिकवलं जाई. आणि कुरआन, पण अर्थासकट. पोपटासारखं पाठ करण्याला त्यांचा सक्त विरोध होता. कळत नसेल तर मुलींना त्यांच्या भाषेतून समजावून सांगा, हा आग्रह. या आग्रहाला अधर्म म्हणणारे तेव्हा होते. १९१६ मध्ये त्यांनी बायकांसाठी अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम काढली. तिची माणसं झोपडपट्टीत जाऊन बायकांना लिहा-वाचायला शिकवत.

करिमुन्निसा १९२६ मध्ये गेली. रुकैया त्यानंतर सहा वर्षांनी, ९ डिसेंबर १९३२ च्या पहाटे, म्हणजे आपल्या बावन्नाव्या वाढदिवशीच. आदल्या रात्री उशिरापर्यंत त्या लिहीत बसल्या होत्या. टेबलावर अपुरा लेख सापडला, स्त्रियांच्या हक्कांवरचा. कलकत्त्याजवळच्या सोदपूरला त्यांचा दफनविधी झाला. शाळा आज सरकारी आहे आणि लॉर्ड सिन्हा रोडवर भरते. दारावर नाव अजून सखावत यांचंच आहे.