बढती नाकारलेल्या शिक्षकाने उभारली उद्योगनगरी

कराड - कराडहून मिरजेच्या दिशेने निघालेली पॅसेंजर गाडी शेणोली, भवानीनगर, ताकारी ही स्थानके मागे टाकून किर्लोस्करवाडीला येते. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील या स्थानकाचे जुने नाव कुंडल रोड. कारखान्याच्या नावाने गाव वसावे आणि गावाच्या नावाने रेल्वे स्थानक ओळखले जावे, असे भाग्य फार थोड्या उद्योजकांच्या वाट्याला आले. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हे त्यांपैकी एक. मात्र या नावामागे वडिलोपार्जित संपत्ती नव्हती, व्यापारी घराण्याचा वारसा नव्हता आणि अभियांत्रिकीची पदवीही नव्हती. होती ती एक हुकलेली चित्रकला, एक सोडलेली नोकरी आणि दोन वर्षे विकला न गेलेला एक नांगर.

माणसे स्वतःचा छोटा व्यवसाय का सुरू करतात, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका शब्दात शोधले जाते. कुणी गरज म्हणतो, कुणी महत्त्वाकांक्षा, तर कुणी नोकरीतला कंटाळा. लक्ष्मणरावांचे चरित्र पाहिले म्हणजे ही सारी कारणे एकाच आयुष्यात, पण वेगवेगळ्या वेळी कशी येऊन मिळतात, हे ध्यानात येते.

रंग हुकले, रेषा उरल्या

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. अशा घरातील मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळची सर्वसाधारण अपेक्षा. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत रमत असे. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर ते १८८५ साली मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तेथे त्यांना पहिला धक्का बसला. त्यांच्या दृष्टीत अंशतः रंगांधत्व असल्याचे आढळले. रंगांच्या छटा नीट ओळखता येत नसतील, तर चित्रकार होण्याची वाट बंदच. पण त्यांची रेषा पक्की होती. रंगांवाचून भागेल असे चित्रकलेचे एक अंग त्यांनी शोधून काढले, ते म्हणजे यंत्रांची आरेखने. याच कौशल्याच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. ही संस्था त्या वेळी नुकतीच स्थापन झाली होती. लक्ष्मणराव तेथे शिकवत होते आणि त्याहून अधिक शिकतही होते. कार्यशाळेतील यंत्रे कशी चालतात, कशी उघडतात, कशी दुरुस्त होतात, हे त्यांनी पाहून व हाताळून आत्मसात केले. अमेरिकेतून येणारी यंत्रविषयक नियतकालिके ते बारकाईने वाचीत.

सायकलचे दुकान

उद्योगाचे पहिले पाऊल पडले ते नोकरीत असतानाच. १८८८ च्या सुमारास सायकल ही भारतात नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवायच्या आणि तेथे रामूअण्णांनी त्या विकायच्या, अशी व्यवस्था दोघा भावांनी केली. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव प्रथम लागले ते या दुकानाला. विकत घेतलेली सायकल चालवता येत नसेल तर तिचा उपयोग काय? म्हणून रामूअण्णा गिऱ्हाइकांना ती चालवायलाही शिकवीत. या शिकवणीचे १५ रुपये आकारले जात. विक्री, दुरुस्ती आणि शिकवणी असा हा तिहेरी व्यवसाय होता. ज्या रस्त्यावर पुढे किर्लोस्करांचा व्यवसाय चालला, तो बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

नोकरीची सुरक्षितता आणि जोडीला छोटा धंदा, अशा बेतावर कदाचित आयुष्य गेलेही असते. तसे झाले नाही, कारण संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. परकीय राजवटीत हे नवीन नव्हते. अनेकांनी असा अपमान गिळून निवृत्तीपर्यंत नोकऱ्या केल्या. लक्ष्मणरावांनी १८९७ साली राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. ज्याच्या प्रगतीची किल्ली दुसऱ्याच्या हाती असते त्याने कितीही काम केले तरी ते पुरे पडत नाही, हा धडा त्यांना या प्रसंगाने दिला.

न विकला गेलेला नांगर

बेळगावात परतल्यावर सायकलींचा धंदा काही काळ चालला, पण मोठ्या व्यापाऱ्यांची स्पर्धा वाढू लागली. दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकण्यात कायमची शाश्वती नाही, हे उमजल्यावर लक्ष्मणराव स्वतःचे काही बनवण्याकडे वळले. आपल्या भोवती सर्वांत अधिक कोण आहेत आणि त्यांना कशाची गरज आहे, या विचारातून त्यांची नजर शेतकऱ्याकडे गेली. जनावरांचा चारा बारीक करणारे कडबा कापण्याचे यंत्र हे त्यांचे पहिले महत्त्वाचे उत्पादन. त्यानंतर आला लोखंडी नांगर.

कृष्णाकाठची काळी जमीन लाकडी नांगराला दाद देत नसे. खोल नांगरट करायची तर बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत आणि एवढे करूनही हरळीची मुळे तशीच राहत. लोखंडी नांगर जमीन खोलवर कापून माती उलथी करतो, हे परदेशी नांगरांवरून दिसत होते. लक्ष्मणरावांनी १९०३ च्या सुमारास आपला नांगर तयार केला. पण तो घ्यायला कुणी पुढे येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात.

या दोन वर्षांचे मोल कोणत्याही छोट्या उद्योजकाला वेगळे सांगायला नको. माल तयार आहे, पैसे अडकले आहेत, कामगारांना पगार द्यायचा आहे आणि गिऱ्हाईक मात्र हात लावायला तयार नाही. या अवस्थेत बहुतेक जण शेतकऱ्याच्या अडाणीपणाला दोष देऊन मोकळे झाले असते. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. नांगर शेतावर नेऊन प्रत्यक्ष चालवून दाखवण्याचा मार्ग त्यांनी धरला. नांगर विकले जाऊ लागल्यावर त्याचा फाळ लवकर बोथट होतो, अशी तक्रार आली, तेव्हा ती मनाला लावून न घेता ओतीव लोखंड अधिक कठीण करण्याच्या खटपटीला ते लागले. शेतकऱ्याचा विश्वास जाहिरातीने नव्हे, तर दुसऱ्या हंगामातही न मोडणाऱ्या नांगराने मिळतो, हे त्यांना कळून चुकले होते.

निवडुंगाच्या माळावर

धंदा जरा मार्गी लागतो न लागतो तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगावची कारखान्याची जागा नव्या वसाहतीसाठी हवी असल्याने नगरपालिकेने ती सोडण्यास सांगितले. यंत्रे, कामगार, कच्चा माल घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न होता. या वेळी मदतीला धावून आले औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार असलेल्या या संस्थानिकाने औंध येथील देवळाच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे सोपवले होते. कारखान्याची अडचण कळताच त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन देऊ केली आणि भांडवलासाठी कर्जही दिले.

ती जमीन म्हणजे ओसाड माळ होता. सगळीकडे फड्या निवडुंग, त्यात सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची वानवा. जमेची बाजू एकच, ती म्हणजे रेल्वे. मार्च १९१० मध्ये या माळावर किर्लोस्करवाडीची मुहूर्तमेढ रोवली गेली. पुढे लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला निवडुंग आणि गुलाब यांचे नाव दिले, त्याचे मूळ या माळात आहे.

लक्ष्मणरावांसोबत या माळावर जी माणसे आली, त्यांच्याकडे पाहिले तर कोणत्याही कारखान्याने त्यांना उमेदवार म्हणून बोलावले नसते. वसाहतीची आखणी व देखरेख पाहणारे रामूअण्णा, वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून आलेले शंभोराव जांभेकर, शालेय शिक्षण पुरे न केलेले पण यंत्रात असाधारण गती असलेले अनंतराव फळणीकर, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे आणि पडेल ते काम करणारे के. के. कुलकर्णी, अशी ही मंडळी होती. दरोडेखोरीचा शिक्का बसलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले आणि त्यांनी तो विश्वास राखला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक त्यांनी घातला. परीक्षेच्या निकालापेक्षा हातातली कला आणि स्वभावातली निष्ठा पाहण्याची दृष्टी त्यांना स्वतःच्या अनुभवाने दिली होती. ज्याला रंग दिसत नाहीत म्हणून एका शाळेने वगळले, त्याने इतरांना त्यांच्या उणिवेवरून वगळायचे नाही, असा जणू नियमच केला. या खटपटीत पत्नी राधाबाई यांचीही मोलाची साथ होती. माळावरचा संसार आणि नव्याने येणाऱ्या कुटुंबांची विचारपूस त्यांनी सांभाळली.

नांगरापासून पंपापर्यंत

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी मालाची आवक रोडावली. देशी नांगराला मागणी वाढली, पण लोखंड व कोळसा मिळेनासा झाला. त्यातूनही कारखाना तगला आणि १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप, इंजिने अशी उत्पादने येत गेली. शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेची पदवी घेऊन १९२६ साली परतले आणि कारखान्याला आधुनिक अभियांत्रिकीची जोड मिळाली. पुढे १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रे बनवणारी यंत्रे आणि १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिने व बंगळूरमध्ये विजेच्या मोटारी, असा विस्तार झाला.

याच वाडीतून १९२० साली पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि 'स्त्री' व 'मनोहर' ही भावंडे त्याला येऊन मिळाली. एका नांगराच्या कारखान्याने मराठी सुशिक्षित घरांतील विचारांची दिशा बदलावी, हा योग विरळाच. शंकररावांनी 'यांत्रिकाची यात्रा' या नावाने लक्ष्मणरावांचे चरित्रही लिहिले.

वार्धक्यातही संकटे चुकली नाहीत. १९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीची झळ किर्लोस्करवाडीला बसली. त्या वेळी लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते. माळावर आयुष्य वेचून उभे केलेले डोळ्यांदेखत जळताना पाहणे, याहून कठोर परीक्षा कोणती? पण कारखाना पुन्हा सुरू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

शेजारची प्रेरणा

एकाने उद्योग काढला म्हणजे भोवतालच्या दहा जणांच्या मनात तो विचार येतो. कराड परिसरात याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. किर्लोस्करवाडीनंतर सहाच वर्षांनी, १९१६ मध्ये, कराड रेल्वे स्थानकाजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. त्यालाही औंधच्या पंतप्रतिनिधींचे प्रोत्साहन होते. वीज पोचली नव्हती त्या काळात तेथे तयार होणारा 'प्रभाकर' कंदील मराठी घराघरांत लागला आणि वस्तीचे नाव ओगलेवाडी झाले. एकाच रेल्वेमार्गावर, एकाच संस्थानिकाच्या आश्रयाने दोन उद्योजकांच्या नावाच्या दोन वाड्या वसल्या, हा केवळ योगायोग नव्हे. स्वदेशीच्या चळवळीने माणसांच्या मनात इच्छा निर्माण केली होती, तिला जमीन व भांडवल देणारा कुणीतरी भेटला आणि ते करून दाखवणारा एक शेजारी डोळ्यांसमोर होता. या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे उद्योग उभे राहतात.

कराडमध्ये १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. ओगलेवाडी आणि तासवडे येथे औद्योगिक वसाहती झाल्या. लक्ष्मणरावांना जे शिक्षण कार्यशाळेत डोकावून मिळवावे लागले, ते आज येथील मुलांना दाराशी उपलब्ध आहे. तरीही पदवी हाती पडताच पुण्या-मुंबईच्या नोकरीकडे वळणारी पावले अधिक आहेत. त्यात गैर काहीच नाही. लक्ष्मणरावांनीही सुरुवात नोकरीनेच केली होती. फरक इतकाच, की नोकरीत असतानाच त्यांनी दुसरी वाट चाचपून पाहिली आणि बढती नाकारली गेली त्या दिवशी परतण्यासाठी बेळगावात एक छोटे का होईना, स्वतःचे दुकान होते. अपमानाने त्यांना नोकरी सोडण्याचे बळ दिले असेल, पण दोन वर्षे पडून राहिलेल्या नांगराजवळ टिकून राहण्याचे बळ मात्र अपमानातून येत नाही. ते येते आपण बनवलेली वस्तू कुणाच्या तरी कामाची आहे, या खात्रीतून. ही खात्री होती म्हणूनच कुंडल रोडच्या निवडुंगाच्या माळावर गाव वसले.