कमरेची गाठ आणि काचपट्टी

पालघरहून पहाटेची गाडी धरून परळच्या टाटा रुग्णालयात निघालेल्या एखाद्याच्या पिशवीत फायलीबरोबर एक डबीही असते. तिच्यात मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या. बँकेत असताना सही पडताळल्याखेरीज मी चेक पास करीत नसे. त्या डबीतही पडताळणीच असते. फक्त तिथे पणाला लागलेला असतो जीव.

भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे या पडताळणीतले मोठे नाव. जन्म १८९५चा. लंडनला एम.डी. होऊन ते मुंबईत आले, अध्यापनात रमले. १९४१ साली टाटा रुग्णालय उघडले आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

कातडीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये टिकवायचा, अल्कोहोलने त्यातले पाणी काढायचे, मेणात बसवायचा, मग मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्श्याएवढा पातळ काप घेऊन रंगवायचा. एवढे झाल्यावर सूक्ष्मदर्शक बोलू लागतो. पण रोगाचे नाव सांगून खानोलकर थांबले नाहीत. कमरेवरच हा कर्करोग का, असे त्यांनी विचारले. उत्तर रुग्णाच्या पोशाखात होते! वर्षानुवर्षे एकाच जागी आवळलेले धोतर कातडी घासत राही. क्वचित तिथेच कर्करोग धरे. १९४५ साली त्यांनी सहकाऱ्यासह हे जगापुढे मांडले.

आज त्वचेच्या कर्करोगाची काही ऑपरेशने चालू असतानाच काढलेला तुकडा गोठवून कापतात. त्याच्या कडांना आधी शाई लावलेली असते. कर्करोगाच्या पेशी शाईपर्यंत पोचलेल्या दिसल्या, तर सर्जन त्याच बाजूला आणखी कापतो. नसल्या, तर टाके घालतो. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक मोज यांनी १९३०च्या दशकात कडा अशा पायरीपायरीने तपासण्याची पद्धत घडवली.

खानोलकर १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही. १९७८ साली ते गेले.

धोतरे आता कमी झाली. पण घरातल्या आजीच्या परकराची नाडी तशीच करकचून बांधलेली असते. आज रविवार आहे, सगळे घरी आहेत. तिथे भरून न येणारी जखम आहे का, एवढे तिला विचारा; असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि नाडी थोडी सैल करा.