ब्राउझर वेबपेजचे तुकडे करून वाचतो, पण मशीनला शब्द वाचायला लावायचा हट्ट नौदलातल्या एका बाईंचा होता

तुम्ही मोबाइलवर एखादी लिंक उघडता तेव्हा समोर फोटो, हेडिंग, बटणं असं सगळं सजलेलं पान दिसतं. पण सर्व्हरकडून जे येतं त्यात यातलं काहीच नसतं. येते ती अक्षरांची एक लांबलचक माळ, एचटीएमएल नावाच्या भाषेत लिहिलेली. कुठे शब्द सुरू झाला, कुठे संपला, कुठलं अक्षर वाचकासाठी आणि कुठलं ब्राउझरला दिलेली सूचना, हे त्या माळेवर वेगळ्या रंगात लिहिलेलं नसतं.

मग ब्राउझर पहिलं काम करतो ते तोडण्याचं. माळेतलं एकेक अक्षर उचलायचं, आणि आत्ता आपण साध्या मजकुरात आहोत, टॅगच्या नावात आहोत की टॅगच्या आत लिहिलेल्या माहितीत आहोत, हे लक्षात ठेवत पुढे सरकायचं. एक तुकडा पूर्ण झाला की तो बाजूला काढायचा. या तुकड्याला म्हणतात टोकन आणि तोडणाऱ्या प्रोग्रामला म्हणतात लेक्सर. आजच्या एचटीएमएलच्या नियमांत टोकन मोजून सहा प्रकारचे आहेत : पानाच्या सुरुवातीची डॉकटाइपची घोषणा, सुरू होणारा टॅग, बंद होणारा टॅग, कॉमेंट, साधं अक्षर आणि फाइल संपल्याची खूण. एवढे सहा ओळखायला ब्राउझरला तब्बल 80 वेगवेगळ्या अवस्था सांभाळाव्या लागतात.

ही कल्पना कुणा एका माणसाची नाही. पण माणसाने शब्दांत लिहावं आणि ते शब्द सोडवायचं काम मशीनने करावं, हा हट्ट ज्यांनी लोक हसत असताना धरला त्यांचं नाव ग्रेस हॉपर. अमेरिकन नौदलात रिअर ॲडमिरल झालेल्या बाई.

9 डिसेंबर 1906 ला न्यूयॉर्कमध्ये ग्रेसचा जन्म झाला. सात वर्षांची असताना तिला गजराच्या घड्याळाच्या आत काय असतं ते बघायचं होतं. तिने एक घड्याळ खोललं. ते परत जोडता येईना म्हणून दुसरं खोललं, मग तिसरं. घरातली सात घड्याळं सुटी झाल्यावर आईच्या लक्षात आलं. आईने मारलं वगैरे नाही, यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचा एवढी अट घातली.

पुढे वासर कॉलेजच्या प्रवेशाला ती लॅटिनमध्ये नापास झाली आणि एक वर्ष थांबावं लागलं. तिथून 1928 ला पदवी, 1934 ला येल विद्यापीठातून गणितात पीएचडी. मग वासरमध्येच शिकवणं. लग्न झालं होतं, पक्की नोकरी होती. गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती.

पण दुसरं महायुद्ध आलं. हॉपर बाईंनी नौदलात जायचं ठरवलं तेव्हा त्यांचं वय पस्तिशीच्या पुढे होतं आणि वजन नौदलाच्या नियमापेक्षा 15 पौंडांनी कमी. दोन्ही कारणांनी त्या बाद होत्या. त्यांनी खास सवलत मिळवली, 1943 मध्ये राखीव दलात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या. जहाजावर जायला मिळेल असं वाटत असताना 1944 मध्ये त्यांना पाठवलं हार्वर्ड विद्यापीठात. तिथे होतं मार्क 1. 51 फूट लांब, 8 फूट उंच, एका गुणाकाराला सुमारे 6 सेकंद घेणारं कॉम्प्युटर. सूचना द्यायच्या कागदी पट्टीवर भोकं पाडून.

आता हॉपर म्हटलं की कॉम्प्युटरमध्ये सापडलेल्या पतंगाचा किस्सा आलाच. 9 सप्टेंबर 1947 ला मार्क 2 मध्ये एक पतंग अडकलेला सापडला, तो नोंदवहीत चिकटवला गेला आणि बग हा शब्द हॉपर यांनी जन्माला घातला, असं आपण फॉरवर्डमध्ये वाचतो. पतंग खरा आहे, ती वही आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पण तो हॉपर यांनी शोधला नव्हता आणि यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासून होती. हॉपर बाई हा किस्सा रंगवून सांगायच्या, एवढंच.

खरी अडचण पतंगापेक्षा कंटाळवाणी होती. तेव्हा प्रोग्रामर लोक आधी चाललेले प्रोग्रामचे तुकडे वहीत जपून ठेवत आणि नव्या कामात हाताने उतरवून काढत. उतरवताना चुका व्हायच्या. 4 हा आकडा डेल्टासारखा लिहिला जायचा आणि डेल्टा ही तर त्यांच्या कोडमध्ये मोकळ्या जागेची खूण होती. इंग्रजी बी चा 13 व्हायचा. एक अक्षर चुकलं की पुढचं सगळं गणित गेलं. उतरवणं आणि बेरीज करणं ही दोन्ही कामं माणूस वाईट करतो आणि मशीन चांगलं करतं. मग ती माणसाकडे कशाला?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना हार्वर्ड सोडावं लागलं. युद्ध संपलं होतं, 1945 मध्ये घटस्फोट झाला होता, आणि हार्वर्डमध्ये त्यांना कायम जागा नव्हती. या काळात त्या दारूच्या आहारी गेल्या होत्या. मित्रांनी त्यांना सावरायचा प्रयत्न केला. गौरवगाथांमध्ये हा भाग गाळतात, पण चाळिशीतल्या बाईने पुन्हा शून्यातून उभं राहणं हे त्याशिवाय कळत नाही.

1949 मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एका छोट्या कंपनीत गेल्या. एकर्ट आणि मॉकली या जोडीची ही कंपनी युनिव्हॅक बनवत होती. तिथल्या बायनॅक मशीनसाठी काम करताना आठ आकड्यांच्या पद्धतीत हिशेब करायची इतकी सवय लागली, की त्यांच्या बँकेचा हिशेब जुळेना. शेवटी बँकिंग कळणाऱ्या भावाला बसवलं, तर कळलं की बाई चेकबुकातल्या वजाबाक्याही त्याच पद्धतीने करत होत्या. मशीनच्या भाषेत माणसाने बोलायचं ठरवलं की काय होतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

1952 पर्यंत त्यांचा ए-0 चालू झाला. प्रोग्रामरने फक्त ठरलेल्या खुणा लिहायच्या, त्या खुणांवरून तयार तुकडे टेपवरून शोधून एकत्र जोडायचं काम मशीन करणार. त्याला त्यांनी कंपायलर म्हटलं. आजच्या अर्थाने तो पूर्ण कंपायलर नव्हता, पण तेवढ्यावरही विश्वास ठेवायला लोक तयार नव्हते. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम कसा लिहील, असा सगळ्यांचा सूर.

हॉपर पुढे गेल्या. कंपनीच्या मशीनवर काम करणारे सगळेच गणितज्ञ नव्हते. पगारपत्रक, मालाचा साठा बघणारी मंडळी होती. त्यांना बीजगणिताच्या खुणांपेक्षा सरळ इंग्रजी शब्द जवळचे. यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली. त्यात इनपुट, कम्पेअर, गो टू असे शब्द लिहून काम सांगता यायचं.

इथे तोडण्याचा प्रश्न समोर आला. इंग्रजी वाक्य माणसाला दिसतं, मशीनला दिसते अक्षरांची रांग. मोकळी जागा आली की शब्द संपला, हा नियम सोपा. पण वस्तू क्रमांक असं दोन शब्दांचं नाव असेल तर? मशीन त्याचे दोन तुकडे करणार. म्हणून असं नाव मध्ये छोटी आडवी रेघ देऊन जोडायचं, प्रॉडक्ट-नो, म्हणजे तो एकच तुकडा राहतो. क्षुल्लक वाटणारी ही रेघ पुढे कोबॉल भाषेत गेली आणि आजही तिथे आहे.

1955 मध्ये वरिष्ठांसमोर पैसे मागायची वेळ आली. छोटा नमुना तयार होता. हॉपर आणि त्यांच्या टीमने इंग्रजी प्रोग्राम चालवून दाखवला. मग उत्साहाच्या भरात तोच प्रोग्राम फ्रेंच शब्दांत आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. त्यांच्या लेखी यात काहीच विशेष नव्हतं. मशीनला इंग्रजीही येत नाही आणि फ्रेंचही. त्याच्यासाठी शब्द म्हणजे यादीशी जुळवून बघायचा अक्षरांचा साचा. यादी बदला, भाषा बदलली.

साहेब लोक मात्र हादरले. पेनसिल्व्हेनियात बनलेल्या अमेरिकन मशीनला परकी भाषा कळते ही कल्पनाच त्यांना झेपेना. टीमला कबूल करावं लागलं की प्रोग्राम फक्त इंग्रजीतच चालेल. त्यांची समजूत काढण्यात आणखी काही महिने गेले.

हा किस्सा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो मराठीत लिहिणाऱ्यापर्यंत पोचतो. एचटीएमएलचा नियम बघा. मजकूर वाचताना लेस दॅनची खूण, म्हणजे डावीकडे टोक असलेला कोनी कंस आला, की ब्राउझर सावध होतो. पुढचं अक्षर इंग्रजी ए ते झेडपैकी असेल तर टॅग सुरू झाला. तिरकी रेघ असेल तर टॅग बंद होतोय. आणि पुढे क, ख, ग आलं तर? मग हा टॅग नाहीच असं ठरवून तो कंस साधा मजकूर म्हणून छापला जातो. पान संपूर्ण मराठीत असू शकतं, टॅगचं पहिलं अक्षर मात्र इंग्रजीच लागतं. हॉपर यांनी 1955 मध्ये दाखवलं होतं की ही मशीनची अडचण नाही, ठरवणाऱ्यांची निवड आहे.

आणि तुकडे नेमके कुठे पाडायचे यावर दोन प्रोग्रामचं एकमत नसलं की काय होतं ते 2005 मध्ये मायस्पेसने भोगलं. लोकांच्या प्रोफाइलमध्ये घातक कोड येऊ नये म्हणून साइटचा फिल्टर जावास्क्रिप्ट हा शब्द शोधून काढून टाकायचा. एका तरुणाने जावा आणि स्क्रिप्ट यांच्या मध्ये नवी ओळ सुरू केली. फिल्टरला ते दोन वेगळे तुकडे वाटले, त्याने सोडून दिले. काही ब्राउझरनी मात्र ते जोडून एकच शब्द म्हणून वाचले आणि चालवले. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त प्रोफाइलवर तो कोड पसरला.

तोडण्याचं शास्त्र पक्कं झालं ते इतरांच्या हातून. गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी 1950 च्या दशकात रेग्युलर एक्स्प्रेशनचा पाया घातला. 1975 मध्ये बेल लॅब्जमध्ये लेक्स नावाचा प्रोग्राम आला, त्याला नियम दिले की तो लेक्सर स्वतः लिहून द्यायचा. यातला एक जण एरिक श्मिट, पुढे गूगलचा प्रमुख झालेला.

हॉपर यांचा रस्ता वेगळा होता. 1959 मध्ये पेंटागॉनमध्ये बैठक झाली, सगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालेल अशी एक भाषा हवी होती. समितीने कोबॉल बनवली. हॉपर सल्लागार होत्या, कोबॉलची आई हे त्यांना चिकटलेलं बिरुद समितीतल्या बाकीच्यांवर अन्याय करणारं आहे. पण भाषेचा साचा बऱ्याच अंशी फ्लो-मॅटिकचा होता हे खरं. वाक्य संपलं की पूर्णविराम, तोही तसाच. चुकीच्या जागी पडलेल्या एका टिंबाने हिशेब बदलतो, म्हणून कोबॉलवाले आजही त्याला वचकून असतात.

1966 च्या शेवटी नौदलाने त्यांना निवृत्त केलं. 1967 मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, कारण प्रत्येक ठिकाणचं कोबॉल वेगळं झालं होतं आणि ते एका नियमात बसवायचं होतं. ते सहा महिने 19 वर्षं चालले. भाषणांना जाताना त्या सुमारे 30 सेंटिमीटर लांबीच्या तारेचे तुकडे घेऊन जायच्या आणि वाटायच्या. एका नॅनोसेकंदात प्रकाश एवढाच जातो, हे अधिकाऱ्यांना आणि पोरांना हातात धरून कळावं म्हणून. 1986 मध्ये, 79 व्या वर्षी त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या आणि लगेच एका कॉम्प्युटर कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या.

1991 च्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या नव्या वेबसाठी टॅगची पहिली छोटी यादी लिहिली गेली, जेमतेम दीड डझन टॅगची. 1 जानेवारी 1992 ला ग्रेस हॉपर झोपेतच गेल्या. वय 85. त्यांना आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने पुरण्यात आलं. नौदलाच्या एका विनाशिकेला त्यांचं नाव आहे. आणि एप्रिल 2020 मध्ये, कोविडने बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला तेव्हा, न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी जाहीर आवाहन केलं होतं : कोबॉल येणारे लोक हवे आहेत.